गोटा, कलिंगड आणि ठकूबाई

एका जंगलात, बाळांनो, सिंह होता, वाघ होता आणि एक परीक्षा मंडळही होतं. हसायला काय झालं? तुमच्या जंगलात नाही का?

सिंहाला जेवण झालं की झोप यायची. वाघ आपल्या हद्दीच्या भांडणात गुंतलेला. त्यामुळे राज्यकारभाराला मोकळं असं मंडळच तेवढं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक भलामोठा गवा. मान वळवायची असली तरी ते आधी दोन मिनिटं विचार करायचे, आणि बरेचदा विचाराअंती वळवायचे नाहीत. त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून एक साळिंदर होता. काही लिहायचं झालं की तो पाठीवरचा एक काटा उपटायचा आणि त्यानं लिहायचा. लेखणीचा तुटवडा कधी पडला नाही, पण प्रत्येक वेळी दुखायचं ना. म्हणून त्याचे शेरे नेहमी छोटे आणि चिडके असायचे.

आता गोष्ट मंडळाची नाही. गोष्ट ठकूबाईंची आहे.

जंगलाच्या पार टोकाला, नदीच्या अलीकडे, एका जुन्या वारुळाच्या आडोशाला शाळा भरायची. मुलं चौदा. त्यात सशांची सहा, मुंगसांची चार, बाकी किरकोळ. शिकवायला एकच बाई, ठकूबाई घोरपड. बारा वर्षं त्या तिथे हंगामी होत्या. हंगामी म्हणजे काय, माहीत आहे? काम रोज असतं आणि नेमणूक अधूनमधून असते.

मंडळाचा नियम असा की ज्या शाळेला कायम शिक्षक नाही, ती शाळा आज ना उद्या बंद. मुलांनी मग नदी ओलांडून पलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. नदीत मगर होती. मगर काही शिक्षणाच्या विरोधात नव्हती. उलट तिला मुलं आवडायची.

मागे वरच्या वाडीची शाळा अशीच बंद झाली. तिथली सात मुलं नदी ओलांडून जायला लागली. आता पाच जातात. मंडळाच्या दप्तरात उरलेल्या दोघांपुढे 'गळती' असं लिहिलेलं आहे.

हे ठकूबाईंच्या मनातून जाईना. शाळा सुटली की त्या चौदाच्या चौदा मुलं मोजायच्या, मगच घरी जायच्या.

शाळा वाचवायची तर ठकूबाईंनी कायम व्हायला हवं. कायम व्हायचं तर अणुपरीक्षा पास व्हायला हवी. तिच्यात प्रश्न एकच : अणू कसा असतो? आकृती काढून सांगा. सशाच्या पोरांना अ आ इ शिकवणाऱ्या बाईला अणू कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. मला काय विचारता, मंडळाला विचारा.

अणू म्हणजे काय ते सांगतो. दगड घ्या, फोडा. तुकडा घ्या, फोडा. पुन्हा फोडा. तुम्ही कंटाळाल, पण फोडत राहा. अगदी शेवटी जो कण उरेल तो अणू. तो कुणालाच दिसत नाही. म्हणजे जे दिसत नाही त्याचं चित्र काढायचं, आणि ते बरोबर आलं पाहिजे. परीक्षा अवघड होती ती त्यामुळे.

पहिलं उत्तर खुद्द अध्यक्षांचं होतं. तरुणपणी ते एकदा नदीच्या पात्रात पाय सोडून बसले असताना त्यांना सुचलं की सगळं जग बारीक बारीक गोट्यांचं बनलेलं आहे. गोटा टणक, गोटा गोल, आणि गोट्याच्या आत गोटाच. खरं सांगू का, त्या काळाच्या मानानं हे काही वाईट नव्हतं. बाकीची जनावरं तर एवढाही विचार करत नव्हती. फक्त नंतर अध्यक्षांनी दुसरा विचार केला नाही.

ठकूबाईंनी गोटा पाठ केला. वाळूत शंभर गोटे काढून हात बसवला. परीक्षेला गेल्या आणि सुरेख गोटा काढून आल्या.

झालं असं की त्याच आठवड्यात एका अस्वलानं झाडाला पाठ घासली आणि अंगातून चटचट ठिणग्या उडाल्या. अस्वल हुशार होतं. त्याच्या लक्षात आलं की अणूतून आणखी बारीक काहीतरी बाहेर पडतंय. म्हणजे अणूच्या आत काहीतरी आहे. हे लक्षात आलं तेव्हा ते नदीकाठच्या वाळूतल्या मळ्यात कलिंगड खात बसलं होतं, त्यामुळे पुढचं त्याला लगेच सुचलं. अणू म्हणजे कलिंगड. गर सगळीकडे पसरलेला आणि त्यात बिया रुतलेल्या. मंडळानं उत्तर बदललं आणि तशी सूचना फलकावर लावली. फलक कार्यालयाच्या आत होता. कार्यालयाला कुलूप होतं.

ठकूबाईंच्या पेपरावर शेरा आला : जुनाट. नापास.

ठीक आहे, त्या म्हणाल्या. घोरपडीची जात, एकदा धरलं की सोडत नाही. त्यांनी कलिंगड अभ्यासाला घेतलं.

त्या वर्षी दसऱ्याला मुलांनी बाईंना सोनं दिलं. सोनं म्हणजे आपट्याची पानं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सगळ्यांचं एकमेकांच्या पाया पडून झालं आणि मग पोरांना काही उद्योग उरला नाही. एका मुंगसानं बोरूची नळी घेतली, तिच्यात कुर्डूच्या बारीक बिया भरल्या आणि टांगलेल्या आपट्याच्या पानावर फू केलं. बिया पानातून आरपार गेल्या. पानातून बिया कशा जातील, असं म्हणू नका. गवा अध्यक्ष झालेला चालवून घेतलात, मग हेही घ्या.

सगळ्यांनी फुंकून पाहिलं. सगळ्या बिया आरपार. मग एक बी गेली आणि फाटकन परत आली. ती बसली ससुलीच्या नाकावर. ससुली म्हणजे सशांतली सगळ्यात धाकटी. ती शिंकली आणि म्हणाली, "बाई, आत कुणीतरी आहे."

बाकीचे हसले. ठकूबाई हसल्या नाहीत.

"पुन्हा फुंका," त्या म्हणाल्या.

सूर्य डोक्यावरून कलला तरी ते फुंकतच होते. हजारांत एखादी बी परत यायची. ठकूबाई शेपटीवर बसून मोजत होत्या. पान तरी अणूंचंच बनलेलं. ते अणू कलिंगडासारखे असते तर सगळ्या बिया सारख्याच गेल्या असत्या. मऊ गर कशाला काय परत फेकणार? म्हणजे अणू जवळजवळ रिकामा आहे. आणि अगदी मध्ये, एवढुसा, काहीतरी भयंकर टणक गाभा आहे.

बारा वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. चौदा पोरांनी आणि एका हंगामी बाईनं दुपारभरात अणूच्या आत डोकावून पाहिलं होतं. त्या दिवशी शाळा सुटायची वेळ कुणाला कळलीच नाही.

परीक्षेत त्यांनी तसंच लिहिलं. जे पाहिलं ते, कसं पाहिलं ते, किती बिया परत आल्या तेही. साळिंदरानं काटा उपटला आणि शेरा लिहिला : स्वतःचं डोकं वापरलेलं आढळतं. नापास.

"भाऊसाहेब, पण ते बरोबर आहे हो," ठकूबाई म्हणाल्या.

"बरोबर असेल बाई, पण यंदा नाही," साळिंदर म्हणाला. "यंदा कलिंगड आहे."

त्यांनी गुपचूप उत्तरपत्रिका घेतली आणि घरी आल्या. पुन्हा शहाणपणा करायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. मुलांचा जीव टांगणीला लागलेला असताना आपली हौस कसली भागवायची? पुढच्या परीक्षेला त्यांनी डोकं बाजूला ठेवलं आणि काळ्या बियांसकट छान लालभडक कलिंगड काढलं.

आणि नेमकं त्याच वर्षी राजधानीत एका सुतारपक्ष्यानं चोचीनं ठोकून ठोकून जाहीर केलं की अणू आतून पोकळ आहे आणि मध्ये एक टणक गाभा आहे. त्याची मिरवणूक निघाली. त्याला झाडाची ढोली भेट मिळाली. मंडळानं उत्तर बदललं. ठकूबाईंच्या कलिंगडावर शेरा आला : अजून इथेच?

ठकूबाईंनी कपाळाला हात लावला. चुकलं म्हणून त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. बरोबर माहीत असून चुकीचं लिहिलं आणि तरी नापास झालो, हे त्यांना फार लागलं. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत.

चौथ्या वर्षी एक घार म्हणाली की गाभा आहे हे कबूल, पण भोवती फिरणारे बारीक कण दमून गाभ्यात पडत कसे नाहीत? त्यांची रिंगणं ठरलेली असणार. प्रत्येकानं आपापल्या रिंगणात फिरायचं, आणि उडी मारायचीच तर एका रिंगणातून थेट दुसऱ्यात, मध्ये लटकायचं नाही. घारीला घिरट्यांतलं कळतं, हे कुणीही मानेल. ठकूबाईंनी रिंगणं काढली. अगदी रेखीव. आणि उत्तर बरोबर आलं.

पण त्या वर्षी सगळ्याच उमेदवारांचं उत्तर बरोबर आलं. इतके जण बरोबर कसे, म्हणून पेपर फुटला असं ठरलं आणि परीक्षा रद्द झाली. चौकशी समिती बसली. ती अजून बसलेली आहे.

पाचवं वर्ष उजाडलं आणि एक शेकरू झाडावरून ओरडलं की रिंगणंबिंगणं काही नाहीत. गाभ्याभोवती कण असतात ते चिलटांच्या थव्यासारखे. अमुक चिलट या क्षणी कुठे आहे, ते सांगता येत नाही. इथे असायची शक्यता जास्त, तिथे कमी, एवढंच म्हणता येतं. शेकरूचं गणित पक्कं होतं, पण ते स्वतः एका फांदीवर टिकत नसल्यामुळे त्याचं ऐकायला कुणी थांबलं नाही. घार रागावली. सुतारपक्षी म्हणाला, गाभा माझाच राहिला पाहिजे. अस्वल आपलं कलिंगड खात होतं.

मंडळाला काही ठरवता येईना. म्हणून लेखी परीक्षा मोडीत काढली आणि तोंडी ठेवली, साक्षात अध्यक्षांसमोर. सोबत ठकूबाईंना पत्र आलं. यंदा कायम शिक्षक न मिळाल्यास वारुळाची शाळा फाल्गुनअखेर बंद करण्यात येईल, मुलांनी नदीपलीकडे नावं घालावीत.

पत्र वाचून त्या सरळ कार्यालयात गेल्या.

"भाऊसाहेब, एवढं सांगा. यंदा उत्तर काय आहे?"

साळिंदर तसा वाईट नव्हता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "बाई, उत्तराचा कागद कोरा आहे. साहेब ऐनवेळी ठरवतील."

"मग साहेबांच्या मनात काय आहे?"

"ते मी कसं सांगू? आत जाऊन कुणी पाहिलंय?"

ठकूबाई परत निघाल्या आणि वाटेत थांबल्या. आत जाऊन कुणी पाहिलेलं नाही हे खरं. पण अणूच्या तरी आत कोण गेलं होतं?

तोंडी परीक्षेच्या दिवशी अध्यक्ष वडाखाली बसून रवंथ करत होते. बाजूला साळिंदर काटा उपटून तयार.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "अणू कसा असतो?"

"अस्वल म्हणतात, कलिंगडासारखा असतो," ठकूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

रवंथ चालू होतं.

"सुतारपक्षी म्हणतात, मध्ये गाभा असतो."

रवंथ चालूच.

"घारताई म्हणतात, भोवती रिंगणं असतात. शेकरू म्हणतं, नुसता थवा असतो. त्याचं गणितही आहे."

गणित ऐकून अध्यक्षांच्या पापण्या मिटायला लागल्या. ठकूबाई बोलत होत्या ते सगळं आरपार निघून जात होतं, कुठे म्हणून अडत नव्हतं. आत रिकामी जागा बरीच आहे, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं. मग त्यांनी एक अगदी बारीक गोष्ट टाकली.

"साहेब, तो गोट्याचा शोध कुणाचा हो? नव्या पुस्तकात नावच दिसत नाही."

रवंथ थांबलं. कान उभे राहिले. अध्यक्षांनी विचार न करता मान वळवली.

"नाव नाही? कुणी काढलं?"

गाभा सापडला होता. अगदी एवढुसा आणि फार टणक.

आता खरी पंचाईत झाली. पुढे काय बोललं म्हणजे काम होईल, हे ठकूबाईंना स्पष्ट दिसत होतं. आणि ते खोटं आहे, हेही दिसत होतं. अणूविषयी खोटं बोलायचं म्हणजे त्या दसऱ्याच्या दुपारीविषयी खोटं बोलायचं. मग त्यांना वरच्या वाडीची ती दोन मुलं आठवली. त्यांच्या ओळखीची होती ती. त्यातल्या एकाला उजळणी फार छान म्हणता यायची.

"साहेब, मला तर वाटतं, बाकीच्यांनी नवीन असं काही सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "कलिंगड म्हणजे काय? मऊ गोटा. गाभा म्हणजे बारका गोटा. रिंगणं म्हणजे गोट्याभोवतीची पायवाट. आणि थवा म्हणजे गोटा आपटल्यावर उडालेला धुरळा. सगळं तुमच्या गोट्यात पहिल्यापासून होतंच. ह्यांना ते आता दिसायला लागलं."

अध्यक्षांचे डोळे भरून आले.

"बाई," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होतो?"

इतकी वर्षं ते काहीच सांगत नव्हते. साळिंदर वडाच्या पारंब्या मोजायला लागला.

"पास," अध्यक्ष म्हणाले. "पहिल्या वर्गात. लिहा, उमेदवाराची समज फार खोल आहे."

साळिंदरानं लिहिलं. एवढा लांब शेरा लिहायची त्याची पहिलीच वेळ, दोन काटे लागले.

ठकूबाई कायम झाल्या. शाळा वाचली. पोरांनी वारुळाभोवती फेर धरला आणि आयांनी बाईंची दृष्ट काढली. एक मुंगशीणबाई तर नुसत्या ठकूबाईंचा हात धरून उभ्या राहिल्या. ठकूबाईंनी त्या संध्याकाळी मुलं मोजली. चौदा भरली. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि त्यांना स्वतःची किळसही आली. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, बाळांनो, मोठे झालात की कळेल.

महिन्याभरात मंडळाचं नवं पुस्तक आलं. नाव होतं 'गोटा : काल, आज आणि उद्या'. अस्वल, सुतारपक्षी, घार आणि शेकरू या सगळ्यांना मिळून शेवटच्या पानावर तळटीप दिली होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं की या पुस्तकाची मूळ कल्पना वारुळाच्या शाळेतल्या कायम शिक्षिका ठकूबाई यांची. ठकूबाईंनी चौदाही पुस्तकांतलं ते पान चिकटवून टाकलं.

पुस्तक मात्र शिकवावं लागलं. कायम शिक्षकाची तपासणी होते ना. त्या फळ्यावर गोल काढायच्या, आत काही काढायच्या नाहीत, आणि पटकन पुसून भूगोलाकडे वळायच्या. कुणीतरी हात वर करेल, कुणीतरी म्हणेल की बाई, आपण तर वेगळंच पाहिलं होतं, अशी त्या रोज वाट पाहायच्या. कुणी हात वर केला नाही. त्यांना वाटलं, पोरं विसरली. लहान होती तेव्हा.

मग चाचणी आली. प्रश्न एकच : अणू कसा असतो? पोरांनी माना खाली घातल्या. ससुली आता चौथीत होती. तिनं थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि हात वर केला.

"बाई, खरं उत्तर लिहू, की मार्कांचं?"

बाकीच्या तेरा जणांचं लिहायचं थांबलं. सगळे बाईंकडे पाहत होते. कुणीच काही विसरलं नव्हतं.

ठकूबाईंना पुष्कळ काही सांगावंसं वाटलं. का केलं ते, कुणासाठी केलं ते. पण तपासनीस पुढच्या आठवड्यात येणार होते आणि पेपर ते स्वतः पाहणार होते.

"मार्कांचं लिही, बाळा," त्या म्हणाल्या.

"बरं," ससुली म्हणाली आणि तिनं सुरेख गोटा काढला. ती रागावली नाही, हिरमुसली नाही, आणखी काही विचारलंही नाही. तिला ते अगदी सहज पटलं. ते पाहून ठकूबाईंना रडू आलं, आणि वर्गासमोर रडता येत नाही म्हणून त्या फळा पुसत उभ्या राहिल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

चौदाही मुलांना पैकीच्या पैकी मिळाले.

तात्पर्य : अणूच्या आत काय आहे हे शोधायला पिढ्यान् पिढ्या जातात, आणि तरी थोडं शोधायचं उरतंच. परीक्षकाच्या आत काय आहे ते अर्ध्या तासात कळतं, आणि मागे काहीच उरत नाही. तेव्हा बाळांनो, विषय निवडताना नेहमी सोपा निवडावा.